पेन्सिल सेलचा जमाखर्च



मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो, आयुष्यभर लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवला आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या हिशेबात लक्ष घालू लागलो. या लेखाची सुरुवातही एका व्हाउचरपासूनच झाली. गणेशोत्सवाचे हिशेब तपासताना 'पेन्सिल सेल' या नावाची पावती पुन्हा पुन्हा समोर येत होती. आपल्याकडे दोन कॉर्डलेस माइक आहेत आणि प्रत्येकात दोन सेल लागतात. आरती, अथर्वशीर्ष, मुलांची नाटुकली, बक्षीस समारंभ असे रोज काही ना काही असते. भर कार्यक्रमात माइक बंद पडू नये म्हणून कार्यकर्ते रोज संध्याकाळी चारही सेल बदलतात. दहा दिवसांत चाळीस सेल होतात. चाळीस रुपयांचा एक अल्कलाइन सेल धरला तर सोळाशे रुपये. त्यातले निम्मे सेल अर्धे भरलेलेच असतात, पण कोणता किती भरलेला आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळे एका खोक्यात जातात आणि खोके शेवटी कचऱ्यात जाते.

रक्कम मोठी नाही, पण अर्धी शिल्लक असलेले खाते आपण रोज बंद करतो आहोत, हे काही मनाला पटेना. म्हणून चार्जिंगच्या सेलची माहिती काढली, घरी दोन-तीन वर्षे वापरून पाहिले, चुकाही केल्या. ते सगळे इथे लिहीत आहे.

आधी नावे समजून घेऊ

आपल्या मराठीत टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात आणि आत घालतात ते 'सेल'. खानदेशातल्या आमच्या गावी रात्री पाण्याच्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या हातात दोन किंवा तीन सेलची बॅटरी असे. संपलेला सेल आम्ही पोरे फोडायचो. आतली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून शाळेचा फळा काळा करायचो. तो काळा पदार्थ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाची पूड, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आज मुलांना हे करू देऊ नये.

दुकानात आपण जो 'पेन्सिल सेल' मागतो तो एए आकाराचा. रिमोटमध्ये बसणारा बारीक सेल एएए. गॅस गीझरमध्ये लागतो तो मोठा सेल म्हणजे डी. आकार एकच असला तरी आतला माल मात्र वेगवेगळा असतो.

पहिला साधा झिंक-कार्बन सेल. सर्वांत स्वस्त, वीस रुपयांच्या आत मिळतो. १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी बनवलेल्या सेलचा हा वंशज. दुसरा अल्कलाइन. महाग, पण जास्त वीज मागणाऱ्या उपकरणात साध्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. हे दोन्ही एकदा संपले की संपले. तिसरा निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे चार्जिंगचा. हा शेकडो वेळा पुन्हा भरता येतो.

चार्जिंगच्या सेलवर २००० एमएएच किंवा ८०० एमएएच असे आकडे छापलेले असतात. ही त्या खात्याची कमाल शिल्लक समजा. चांगल्या एए सेलमध्ये ती २००० च्या आसपास असते, एएएमध्ये ८०० च्या आसपास. एए आकारात कोणी ४००० किंवा ५००० छापले असेल तर तो सेल दुकानातच राहू द्यावा. त्या आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड सेलमध्ये एवढी वीज मावतच नाही.

खात्यातून गळती

पूर्वीच्या चार्जिंग सेलची मोठी अडचण होती. भरून ठेवले आणि वापरले नाहीत तरी ते आपोआप उतरत. महिनाभरात पाव हिस्सा वीज गेलेली असे, दोन-तीन महिन्यांनी कपाटातून काढावे तर निकामी. व्यवहार न करताही बँकेने शुल्क कापत राहावे, तसा प्रकार. म्हणूनच आपल्यापैकी अनेकांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी असे सेल घेतले, वैतागले आणि सोडून दिले.

२००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाचा सेल आणला आणि ही गळती खूपच कमी झाली. एकदा भरून ठेवला की वर्षभरानेही बरीचशी वीज शिल्लक राहते. पुढे सान्यो पॅनासोनिकमध्ये गेली, आणि आता असे कमी गळतीचे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. वेष्टनावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'लो सेल्फ डिस्चार्ज' असे लिहिलेले असते. घ्यायचेच असतील तर हेच घ्यावेत. २६००-२८०० असा मोठा आकडा असलेले सेल भरताना जास्त भरतात, पण बहुधा लवकर उतरतात आणि लवकर म्हातारे होतात.

दीड व्होल्ट आणि सव्वा व्होल्ट

दुकानदार हमखास सांगतो, "काका, आमां पावर ओछो आवे." त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते आणि चार्जिंगच्या सेलवर १.२. पण साधा किंवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टवर फक्त सुरुवातीला असतो. वापरू लागताच तो हळूहळू उतरत एक व्होल्टच्या खाली जातो. चार्जिंगचा सेल मात्र बराच काळ १.२ च्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम पडतो. बहुतेक उपकरणे उतरत्या सेलवर चालतील अशीच बनवलेली असल्यामुळे १.२ वर ती नीट चालतात.

पण 'शेवटी एकदम पडतो' हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्यातच एक धोका आहे. आपल्याकडे नव्या फ्लॅटना डिजिटल कुलपे बसू लागली आहेत. सेल उतरू लागला की ते कुलूप आधी काही दिवस इशारा देते. हा इशारा अल्कलाइन सेलच्या हळूहळू उतरण्यावर बेतलेला असतो. चार्जिंगचा सेल घातला तर इशारा उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही, आणि आपण बाहेर उभे. कुलपाच्या पुस्तिकेत अल्कलाइन लिहिले असेल तर अल्कलाइनच घालावेत. रक्तदाबाच्या यंत्राचेही तसेच. आमच्याकडच्या यंत्रात मी हौसेने चार्जिंगचे सेल घातले, तर दोन-चार मोजण्यांतच 'सेल कमी' असे चिन्ह येऊ लागले. रात्री सौभाग्यवतींना गरगरत होते, आणि यंत्र आकडा दाखवायला तयार नव्हते. ऐन वेळी सेल शोधत बसलो. तेव्हापासून औषधोपचाराच्या यंत्रात पुस्तिकेत लिहिलेलाच सेल, आणि डब्यात चार नवे अल्कलाइन राखीव, हा आमच्या घरचा नियम झाला.

कुठे परवडते, कुठे नाही

आता हिशेब. खालचे भाव मी खरेदी केली तेव्हाचे, ढोबळ आहेत. तुम्ही आजचे भाव घालून पाहा.

भिंतीवरचे घड्याळ. वर्षाला एक साधा सेल लागतो, अठरा-वीस रुपयांचा. चार्जिंगचा एक चांगला सेल सुमारे तीनशे रुपयांचा. तीनशे रुपये सात टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला एकवीस रुपये व्याज येते. म्हणजे नुसत्या व्याजातच घड्याळाचा सेल येतो, मुद्दल शाबूत! घड्याळ, टीव्ही-एसीचा रिमोट आणि गॅस गीझर यांत चार्जिंगचे सेल घालण्यात अर्थ नाही.

नातवंडांची खेळणी. आमच्या नातवाच्या गाडीला चार सेल लागतात आणि साधे सेल पंधरा दिवसांत संपतात. अठरा रुपयांप्रमाणे चार सेलचे बहात्तर रुपये, वर्षात चोवीस वेळा, म्हणजे साधारण सतराशे रुपये. चार्जिंगचे चार सेल बाराशे आणि चार्जर आठशे, एकूण दोन हजार. चौदा-पंधरा महिन्यांत पैसे वसूल, आणि सेल त्यानंतरही चालू राहतात. गाडी त्याआधीच मोडली तरी सेल दुसऱ्या खेळण्यात जातात.

मंडळाचे माइक. एका वेळी चार सेल लागतात. चार माइकमध्ये आणि चार चार्जरवर, असे आठ सेल घेतले तर चोवीसशे रुपये आणि चार्जर आठशे, एकूण बत्तीसशे. गणेशोत्सवाचे सोळाशे वाचले तर दोन वर्षांत खर्च निघतो. कोजागरी, हळदीकुंकू, महाराष्ट्र दिन, वार्षिक सभा धरल्यास त्याच्याही आधी. पैशांपेक्षा मोठा फायदा असा की रोज संध्याकाळी पूर्ण भरलेला सेल माइकमध्ये जातो. 'कालचा चालेल का' हा प्रश्नच उरत नाही. अर्धा उतरलेला सेल पुन्हा भरायला या प्रकारात काही अडचण नाही. जुन्या निकेल-कॅडमियम सेलला 'पूर्ण उतरवूनच भरा' हा नियम लावत असत, तो आता विसरायचा.

विजेचा खर्च किती? चार पेन्सिल सेल पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, वीस-पंचवीस वॉट-तास लागतात. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. एका युनिटात असे चाळीस वेळा भरून होतात. युनिटचे सात रुपये धरले तर चार सेलच्या एका भरण्याला सतरा-अठरा पैसे. आज अठरा पैशांत दुसरे काय मिळते?

कंपन्या हजार-दोन हजार वेळा चार्ज होण्याचे सांगतात. मी हिशेबात शंभरच धरले, आणि तरीही हिशेब फायद्याचा निघतो.

चार्जर: इथे मी चुकलो

सेल चांगले घेतले, पण चार्जर मात्र मी सर्वांत स्वस्त घेतला. त्यात सेल जोडीनेच भरावे लागत आणि भरल्यावर तो आपोआप बंद होत नसे. रात्री लावायचा आणि सकाळी आठवले की काढायचा. सेल हाताला चटका बसेल इतके तापत. सहा-सात महिन्यांत चारपैकी दोन सेल कामातून गेले. तीनशे रुपये वाचवायला गेलो आणि सहाशे घालवले.

चांगल्या चार्जरमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक सेलसाठी वेगळा कप्पा आणि वेगळा दिवा, सेल भरला की आपोआप बंद होण्याची सोय, आणि खराब किंवा चुकीचा सेल ओळखण्याची सोय. २००० एमएएचचा सेल ५०० मिलिअँपिअरने भरला तर साधारण साडेचार-पाच तास लागतात. 'तासाभरात फुल' म्हणणारे चार्जर सेल तापवतात. आपल्या सुरतच्या उन्हाळ्यात तर चार्जर ओट्यावर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा, गादीवर किंवा कापडावर नाही.

चार्जरमध्ये साधा किंवा अल्कलाइन सेल कधीही घालू नये. तो तापतो, गळतो, फुटूही शकतो. आणि एका उपकरणात जुने-नवे, साधे-चार्जिंगचे असे मिसळू नयेत. जो सेल आधी संपतो त्याच्यातून बाकीचे उलटी वीज ढकलतात आणि तो कायमचा खराब होतो. मी सेलवर मार्करने अ-१, अ-२, ब-१, ब-२ अशी खूण करून ठेवतो. अ गट नेहमी एकत्र भरायचा, एकत्र वापरायचा.

ऑगस्ट २००६

आता जी गोष्ट सांगायची आहे ती हिशेबाच्या बाहेरची. ७ ऑगस्ट २००६ ची रात्र आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले. ज्या तापीकाठी आमच्यातले कितीतरी जण खानदेशात जन्मले, तीच तापी इथे सुरतेत आमच्या दारात आली. आम्ही तेव्हा अडाजणला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खालचा मजला पाण्यात, वीज गेलेली, लँडलाइन मुकी, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलही बंद.

घरात ट्रान्झिस्टर होता आणि माझ्याकडे चार्जिंगचे चार सेल होते. मोठ्या आत्मविश्वासाने ते घातले, तर रेडिओतून नुसती खरखर. दोन महिने कपाटात पडून ते पूर्ण उतरले होते आणि भरायला वीज नव्हती. शेवटी भिंतीवरचे घड्याळ काढले, त्यातला सेल आणि रिमोटमधला एक असे दोन पेन्सिल सेल रेडिओत घातले. आवाज बारीक होता, पण रेडिओ लागला. घड्याळाला पुरणारा, अर्धा संपलेला सेलही रेडिओला चालतो हे तेव्हा कळले. वरच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या बा, समोरचे कुटुंब, सगळे आमच्या जिन्यात बसून बातम्या ऐकत. धरणातून सुटणारे पाणी कमी होते आहे की वाढते आहे, एवढेच सगळ्यांना ऐकायचे होते. घड्याळ मात्र तीन दिवस बंदच राहिले, आणि त्या तीन दिवसांत वेळ विचारायचे कोणाला सुचलेही नाही.

त्या दिवसांतून मी तीन गोष्टी शिकलो. एक, चार्जिंगचा सेल रोजच्या खर्चासाठी चांगला. संकटासाठी घरात अल्कलाइन सेलचे एक न फोडलेले पाकीट हवेच. ते कित्येक वर्षे टिकते, वेष्टनावर मुदत छापलेली असते. दोन, कमी गळतीचे सेल वापरत असाल तरी दर वर्षी जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, सगळे सेल एकदा भरून ठेवावेत. तीन, चार्जिंगचा इमर्जन्सी दिवा असेल आणि त्यात शिशाची बॅटरी असेल तर ती दोन-तीन महिन्यांनी भरलीच पाहिजे. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की ती कायमची मरते. संकटात आपण बटण दाबतो आणि ती दगा देते.

गळलेले सेल, लहान मुले आणि कचरा

जे उपकरण महिनोन्‌महिने वापरायचे नाही त्यातले सेल काढून ठेवावेत. साधा सेल संपत आला की त्याचे जस्ताचे कवच आतून खाल्ले जाते आणि चिकट द्रव बाहेर येतो. अल्कलाइन सेलमधून दाहक पदार्थ येतो, त्याचा पांढरा थर पितळी पट्ट्यांवर जमतो. असे झाल्यास हातमोजे घालावेत, सेल काढावेत आणि पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब लावलेल्या कापसाने पुसून, मग कोरड्या कापडाने कोरडा करावा. बऱ्याचदा रिमोट पुन्हा चालू होतो.

बटणासारख्या चपट्या सेलबद्दल आजी-आजोबांना हात जोडून सांगतो. कारच्या चावीत, छोट्या दिव्यांत, वजनकाट्यात, खेळण्यांत ते असतात. मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. संशय आला तरी वाट न पाहता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, थेट इस्पितळात न्यावे. ज्या उपकरणाच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते लहान मुलांच्या हाती देऊ नये.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल 'घरगुती घातक कचरा' या वर्गात घातले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी तर ते गोळा करण्याची आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. सेलवर काट मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच. आपले सुरत २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. त्या शहराचे रहिवासी म्हणून घरात प्लास्टिकची एक बरणी ठेवावी, सेल त्यात जमवावेत आणि कचरागाडीवर घातक कचऱ्याच्या कप्प्यातच द्यावेत. जुने निकेल-कॅडमियम सेल सापडले तर विशेष काळजी घ्यावी, कॅडमियम विषारी आहे.

शेवटी

माझी सूचना साधी आहे. माइकसाठी आठ सेल आणि एक चांगला चार्जर मंडळाने घ्यावा. पण उत्सवाच्या आधी एका तालमीत ते माइकमध्ये घालून किती तास चालतात हे घड्याळ लावून पाहावे, आणि पेटीत चार अल्कलाइन राखीव असावेत. सेल भरण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लिहिलेली असावी, कारण सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.

घरासाठी काही विचारायचे असेल तर मंडळात भेटा. येताना उपकरण आणि त्याची पुस्तिका, दोन्ही घेऊन या. आणि आज घरी गेल्यावर एक काम नक्की करा. कपाटातली बॅटरी काढा आणि लागते का ते पाहा.